एक टेबल, दोन मॉनिटर आणि १६५ हर्ट्झ : एक प्रकरण अभ्यास

मुख्य मॉनिटर २७ इंची, २५६० × १४४० रिझोल्यूशनचा, आयपीएस पॅनेलचा. मूळ रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र नव्याने काढायचा वेग, १४४ हर्ट्झ. मॉनिटरच्या मेन्यूत 'ओव्हरक्लॉक' चालू केलं की १६५. अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकची (मॉनिटरने आपला रिफ्रेश रेट गेमच्या फ्रेम्सशी जुळवून घ्यायची सोय) पट्टी ४८ ते १६५ हर्ट्झ. शेजारी जुना २४ इंची, १९२० × १०८०, ६० हर्ट्झचा. दोन्ही एकाच डेस्कटॉपच्या एनव्हिडिया कार्डाला जोडलेले, विंडोज ११ वर. दिवसा याच मुख्य मॉनिटरला डॉकमधून (एकाच केबलने लॅपटॉपला मॉनिटर, कीबोर्ड, माउस जोडणारी पेटी) ऑफिसचा लॅपटॉपही लागतो. दिवसभर मजकूर, स्प्रेडशीट आणि व्हिडिओ कॉल. रात्री दोन गेम: एक वेगवान शूटर, जो हलक्या सेटिंगवर सेकंदाला २०० हून जास्त फ्रेम्स, म्हणजे चित्रं, देतो, आणि एक जड ओपन-वर्ल्ड, जो ४५ ते ९५ मध्ये वरखाली होत राहतो.

नवा मॉनिटर आल्यापासूनच्या तक्रारी अशा. एवढा १६५ हर्ट्झचा घेतला, पण फरक काही जाणवत नाही. शूटरमध्ये वेगाने वळलं की चित्र आडवं फाटतं. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात, जुन्या मॉनिटरवर असं होत नव्हतं. काही न करता बसलं तरी ग्राफिक्स कार्डाचा पंखा मधूनच सुरू होतो. आणि थोडी घडी बसल्यावर व्हिडिओ अडखळल्यासारखे दिसू लागले, शेजारचा जुना मॉनिटर तर एकदम सुस्त वाटायला लागला.

अशा वेळी बहुतेक जण एकेका तक्रारीमागे धावतात: फाटतंय म्हणून व्ही-सिंक (तयार फ्रेम पुढच्या रिफ्रेशपर्यंत थोपवणारी सेटिंग) लाव, पंखा वाजतो म्हणून ड्रायव्हर बदल, डोळे दुखतात म्हणून ब्राइटनेस कमी कर. त्याने एक दुखणं दुसऱ्या जागी सरकतं. इथे केबल, मॉनिटरचा मेन्यू, विंडोज, ड्रायव्हर आणि गेम या पाच ठिकाणी रिफ्रेश रेट ठरत होता आणि पाचांचा एकमेकांशी मेळ नव्हता. म्हणून तपासही केबलपासून गेमपर्यंत, पाचही ठिकाणी केला.

आकडा अडकला कुठे

सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. या पानावर सगळ्यात वर मॉनिटर निवडायची यादी असते. तिथे चुकून दुसराच मॉनिटर निवडलेला असला तर खालचे सगळे आकडे त्याचे दिसतात. मुख्य मॉनिटर निवडल्यावर रिफ्रेश रेट दिसला ६०. नवा मॉनिटर जोडला की विंडोज त्याने कळवलेल्या पसंतीच्या मोडवर जातं, आणि अनेक वेगवान मॉनिटर पसंतीचा म्हणून ६० हर्ट्झच कळवतात. बाकीचे मोड यादीत असतात, ते हाताने निवडावे लागतात. म्हणजे पहिल्या तक्रारीचं कारण एवढंच होतं की १६५ कधी चालूच झाला नव्हता.

यादी उघडली तर ती १४४ वर संपत होती. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला होता आणि त्याचं ते पोर्ट एचडीएमआय २.० चं. एचडीएमआय २.० ची तारेवरची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट. एन्कोडिंगचा भाग वजा जाता चित्रासाठी १४.४ उरतात. २५६० × १४४० हे चित्र रंगाच्या ८ बिटांनी, ओळींमधल्या रिकाम्या वेळेसकट पाठवायला ६० हर्ट्झला सुमारे ५.८ गिगाबिट लागतात, १२० ला सुमारे १२, १४४ ला सुमारे १४ आणि १६५ ला १६ च्या आसपास. १४४ जेमतेम मावतो, १६५ नाही. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये एकूण २१.६ पैकी चित्रासाठी १७.२८ मिळतात, तिथे १६५ बसतो.

तेव्हा डिस्प्लेपोर्ट केबल लावली. केबल दोन मीटरपर्यंतचीच ठेवावी. लांब आणि स्वस्त केबलवर ६० ला काही कळत नाही, पण १६५ ला स्क्रीन क्षणभर काळा होऊन परत येतो, आणि दोष मॉनिटरच्या माथी बसतो. काही हलक्या केबलमध्ये विसाव्या पिनची तारही दोन्ही टोकांना जोडलेली असते. ती नसायला हवी. त्या तारेतून एका बाजूची वीज दुसरीकडे जाते आणि कॉम्प्युटर बंद करूनही नीट बंद न होण्यासारखे चमत्कारिक प्रकार घडतात. केबलचं दुसरं टोक ग्राफिक्स कार्डातच गेलं आहे ना, मदरबोर्डच्या पोर्टात नाही ना, हेही एकदा मागे वाकून पाहावं. हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण 'नवा मॉनिटर संथ आहे' या तक्रारीचं हे फार नेहमीचं कारण आहे.

यानंतर मॉनिटरच्या मेन्यूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ वर राहिली नाही ना ते बघून 'ओव्हरक्लॉक' चालू केलं. विंडोजच्या यादीत १६५ आला. यादीत आलेला आकडा आणि पॅनेलने खरोखर काढलेली चित्रं यात फरक असू शकतो, विशेषतः ओव्हरक्लॉक केलेल्या मोडमध्ये. यूएफओ टेस्टच्या संकेतस्थळावर फ्रेम गळते का हे पाहायची चाचणी आहे. तिथे चौकोन एकामागून एक उजळत जातात. फोनच्या कॅमेऱ्यात शटर एक दशांश सेकंदाच्या आसपास ठेवून फोटो काढायचा. उजळलेले चौकोन सलग दिसले तर ठीक. मध्ये एखादा काळा राहिला तर मॉनिटर १६५ घेतोय पण दाखवत नाहीये, तेव्हा १४४ वर परत यावं. इथे चौकोन सलग होते.

'१ एमएस' नावाचा सापळा

१६५ चालू झाला तरी चित्र फाटायचं थांबलं नाही. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक (हेच जुळवून घेणं एनव्हिडियाच्या कार्डावर चालवायची सेटिंग) सुरू करायचा पर्यायच दिसेना. मॉनिटरच्या मेन्यूत अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकची ओळ करडी पडलेली, आणि तिच्यासोबत ब्राइटनेसचीही. खरं घोडं इथे पेंड खात होतं. कधीतरी मेन्यूत '१ एमएस' असं लिहिलेला मोड मोहात पडून चालू केला गेला होता.

हा मोड पॅनेल वेगवान करत नाही. तो बॅकलाइट, म्हणजे पॅनेलमागचा दिवा, प्रत्येक रिफ्रेशला एकदाच, थोडा वेळ लावतो आणि उरलेला वेळ विझवून ठेवतो. हलत्या चित्राचा पुसटपणा त्याने खरोखर कमी होतो. एरवी एलसीडीवर प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत तशीच उभी राहते, आपली नजर मात्र वस्तूबरोबर सरकत असते, म्हणून कडा पसरते. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारी कडा ६० हर्ट्झला १६ पिक्सेल पसरते, १२० ला ८, आणि १६५ ला सुमारे ६. बॅकलाइट एकच मिलिसेकंद लावला तर साधारण एकच पिक्सेल. पण त्याची किंमत तिन्ही बाजूंनी मोजावी लागते: उजेड कमी होतो, बहुतेक मॉनिटरवर अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक बंद पडतो, आणि पांढऱ्या कागदासारख्या स्क्रीनवर दिवसभर बॅकलाइटची उघडझाप चालू राहते. स्प्रेडशीटसमोर आठ तास त्याचा उपयोग शून्य आणि त्रास पुरेपूर.

मोड बंद केला. अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक आणि ब्राइटनेसच्या ओळी लगेच परत आल्या. डोळ्यांची चुरचूर आणि फाटणारं चित्र, दोन्हींमागे हा एकच मोड होता.

इथे एक जुना गैरसमज काढून टाकायला हवा. ६० हर्ट्झने डोळे बिघडतात ही समजूत काचेच्या नळीच्या सीआरटी मॉनिटरच्या काळातली आहे. तिथे प्रत्येक रिफ्रेशला प्रकाश खरोखर उजळून मावळायचा, म्हणून लोक ७५ किंवा ८५ हर्ट्झ लावायचे. एलसीडीत रिफ्रेशच्या मधल्या वेळात प्रकाश तसाच राहतो. ६० ला हालचाल ओबडधोबड दिसते, पण स्क्रीन लुकलुकत नाही. लुकलुकलाच तर ते बॅकलाइटमुळे. घरच्या घरी तपासायला ब्राइटनेस कमी करून स्क्रीन पांढरा करावा आणि समोर पेन्सिल भराभर हलवावी. पेन्सिलीची सलग पुसट पट्टी दिसली तर प्रकाश स्थिर आहे. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर बॅकलाइट उघडझाप करून मंद केला जातोय.

गेमची बाजू

आधी मॉनिटरच्या मेन्यूत अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक चालू. मग कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक, 'फक्त फुल स्क्रीन' या पर्यायावर. एनव्हिडियाने जानेवारी २०१९ पासून ड्रायव्हरमधूनच अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटर चालवायची सोय दिली, त्यामुळे मॉनिटरमध्ये वेगळा जी-सिंक मॉड्यूल नसला तरी चालतं. 'विंडो आणि फुल स्क्रीन' हा पर्याय मुद्दाम टाळला. तो लावला की कधी एखादा साधा प्रोग्रॅमही ग्राफिक्स वापरतो म्हणून गेम समजला जातो आणि अख्खा स्क्रीन त्याच्या फ्रेम रेटवर उतरतो. मग माउसचा बाण चिखलातून ओढल्यासारखा चालतो.

त्यानंतर व्ही-सिंक कंट्रोल पॅनेलमध्ये चालू आणि गेमच्या आत बंद. जी-सिंक असताना पुन्हा व्ही-सिंक कशाला, असं वाटणं साहजिक आहे. जी-सिंक ४८ ते १६५ च्या पट्टीत काम करतो. एखादी फ्रेम जरा लवकर तयार झाली तर ती पट्टीच्या वरच्या टोकाबाहेर पडते आणि तेवढीच फाटते. व्ही-सिंक तिला थोपवून धरतो. पण फ्रेम्स सतत १६५ ला जाऊन आदळू लागल्या तर व्ही-सिंक रांग लावतो आणि माउस जड होतो. म्हणून फ्रेम्सना मर्यादा घालायची, रिफ्रेश रेटच्या थोडी खाली. किती खाली, याचा एक सोपा हिशेब आहे: रिफ्रेश रेटचा वर्ग भागिले ३६००, तेवढं वजा करायचं. १६५ ला ते सुमारे साडेसात होतं, म्हणून मर्यादा १५७. १४४ ला १३८, १२० ला ११६, २४० ला २२४. वेग वाढेल तसा एका रिफ्रेशचा वेळ कमी होतो, त्यामुळे सरसकट 'तीन कमी' हा नियम वरच्या वेगांना अपुरा पडतो. गेममध्ये एनव्हिडिया रिफ्लेक्स (उशीर कमी करणारी सोय) असेल तर जी-सिंक आणि व्ही-सिंकच्या जोडीला तो ही मर्यादा आपोआप लावतो. नसेल तर आधी गेमच्या स्वतःच्या लिमिटरमध्ये, आणि तोही नसेल तर ड्रायव्हरमध्ये घालावी.

शूटरपुरता एवढा बंदोबस्त पुरला. स्पर्धेत खेळणारे काही जण सगळं सिंक काढून फ्रेम्स मोकळ्या सोडतात. त्यात उशीर थोडा आणखी घटतो हे खरं, पण चित्र फाटतं, आणि एका रिफ्रेशला ६.०६ मिलिसेकंदच लागत असताना हाती येणारा फायदा फार छोटा असतो. मित्रांबरोबर रात्री खेळणाऱ्याने त्यासाठी फाटकं चित्र सोसावं असं वाटत नाही.

जड गेमचं गणित वेगळं. तो ४८ च्या खाली गेला की ड्रायव्हर फ्रेम दुप्पट करून दाखवतो. ४५ फ्रेम्स असतील तर मॉनिटर ९० वर चालतो. पट्टीचं वरचं टोक खालच्या टोकाच्या निदान दुप्पट असलं तरच हे जमतं. १६५ आणि ४८ मध्ये ते आहे. ४८ ते ७५ अशा पट्टीच्या मॉनिटरमध्ये नसतं, आणि तिथे ४८ खाली सगळा डोलारा कोसळतो. त्रास होतो तो सीमेवर घुटमळताना: क्षणात ५०, क्षणात ४६, म्हणजे मॉनिटर क्षणात ५०, क्षणात ९२. आयपीएसवर हे कमी जाणवतं. व्हीए आणि ओलेड या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलवर अंधाऱ्या दृश्यात उजेड थरथरताना दिसतो. त्यावर मॉनिटरमध्ये उपाय नाही. सावल्या आणि दूरची झाडंझुडपं यांची सेटिंग एक पायरी उतरवून गेम ५५ च्या वर आणला आणि मर्यादा ८० ला बांधली. ९५ ची झेप गेली, पण ५५ ते ८० हा प्रवास ५५ ते ९५ पेक्षा हाताला सरळ लागतो.

ओव्हरड्राइव्हवर इथे जरा थांबायला हवं, कारण नवा मॉनिटर घेणारे बहुतेक जण तो सगळ्यात वर चढवून ठेवतात. पिक्सेलचा रंग लवकर बदलावा म्हणून त्याला गरजेपेक्षा जास्त ढकलणं म्हणजे ओव्हरड्राइव्ह. हा जोर १६५ ला जुळवलेला असतो. गेम ६० वर आला की फ्रेम १६.७ मिलिसेकंद स्क्रीनवर राहते, जास्तीचा धक्का पूर्ण दिसतो, आणि हलत्या वस्तूमागे फिकट, उलट्या रंगाची सावली उमटते. अनेकांना ती घोस्टिंग (पिक्सेल हळू बदलल्याने मागे रेंगाळणारा ठसा) वाटते आणि ते ओव्हरड्राइव्ह आणखी वाढवतात. चार पायऱ्या असतील तर दुसरी बहुधा योग्य ठरते. जड गेमच्या ६०–७० फ्रेम्सवर सावली दिसत नाही ती पायरी धरावी, कारण १६५ वरचा किंचित पुसटपणा त्यापेक्षा कमी खटकतो.

ज्यांच्याकडे अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक नाहीच, त्यांनी जड गेमसाठी १६५ सोडून द्यावा. त्याच्या निम्मे ८२.५, आणि अर्ध्या फ्रेमला मर्यादा घालता येत नाही. मॉनिटर १४४ वर ठेवून ७२, किंवा १२० वर ठेवून ६०, ही जोडी घ्यावी.

दिवसासाठी १२०

आता डेस्कटॉपवर १६५ चालू होता, आणि व्हिडिओची तक्रार नेमकी तेव्हाच सुरू झाली. सेकंदाला ६० फ्रेम्सचा व्हिडिओ १६५ वर दाखवायचा तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला पावणेतीन रिफ्रेश येतात. पावणेतीन म्हणजे तीन, तीन, तीन, दोन. एक फ्रेम १८ मिलिसेकंद, मधलीच एखादी १२. सरकती बातमीपट्टी किंवा खेळाचं प्रक्षेपण यात हा लंगडेपणा दिसतो. १४४ वर तर तो आणखी वाढतो, २.४ चा हिशेब. १२० वर प्रत्येक फ्रेमला दोन, एकसारखे.

सिनेमाच्या २४ फ्रेम्सचं मात्र उलट आहे, आणि हे नीट लक्षात घ्यायला हवं. जुन्या ६० हर्ट्झवर त्या तीन-दोन-तीन-दोन अशा पडतात, म्हणजे ५० आणि ३३ मिलिसेकंद. कॅमेरा सावकाश फिरताना हा धक्का स्पष्ट दिसतो. १६५ वर त्या सात आणि क्वचित सहा रिफ्रेश राहतात, फरक फक्त ६ मिलिसेकंदांचा, म्हणजे सिनेमाला १६५ हा ६० पेक्षा चांगला. आणि १२० वर बरोबर पाच. खरा सिनेमाचा वेग २३.९७६ असतो, त्यामुळे साधारण दर आठ सेकंदांनी एका फ्रेमला पाचाऐवजी सहा रिफ्रेश मिळतात. ते डोळ्यांना कळत नाही. ३० फ्रेम्सच्या व्हिडिओला १२० वर चार. २४, ३० आणि ६० या तिन्हींनी निःशेष भागला जाणारा आकडा १२०, म्हणूनच दिवसाचा रिफ्रेश रेट १२० ठरवला.

आणखी दोन गोष्टींनी त्याला दुजोरा दिला. ऑफिससाठीचा साधा माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो. १६५ वर प्रत्येक सेकंदाला निदान ४० रिफ्रेश असे जातात की बाणाची नवी जागा आलेलीच नसते, आणि बाण बारीक अडखळत सरकतो. अनेकांना हा मॉनिटरचा दोष वाटतो. १२० वर जवळपास प्रत्येक रिफ्रेशला नवी जागा मिळते. (गेमिंगच्या माउसमध्ये हाच आकडा १००० असतो, तेव्हा प्रश्नच उरत नाही.) दुसरी गोष्ट रंगांची. या मॉनिटरचं पोर्ट डिस्प्लेपोर्ट १.२ चं, आणि १० बिट रंग १६५ हर्ट्झला सुमारे २० गिगाबिट मागतात, म्हणून ड्रायव्हर काही न बोलता ८ बिटांवर येतो. १२० ला १५ गिगाबिटांत काम भागतं आणि १० बिट मिळतात. फोटोवर काम करणाऱ्याला हे महत्त्वाचं.

६० वरून १२० ला प्रत्येक फ्रेमची वाट ८.३ मिलिसेकंदांनी कमी होते; १२० वरून १६५ ला फक्त २.३. मजकूर सरकवताना पहिला फरक कोणालाही दिसतो. दुसरा शोधावा लागतो.

पंखा का फिरतो

ग्राफिक्स कार्ड रिकामं असताना आपल्या मेमरीचा क्लॉक खाली आणतं. तो बदलायच्या क्षणी मेमरीतून चित्र वाचलं जाता कामा नये, नाहीतर स्क्रीनवर ठिणगी उडाल्यासारखी दिसते. म्हणून हा बदल एक फ्रेम संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या रिकाम्या वेळेत केला जातो. रिफ्रेश रेट वाढला की हा वेळ आखडतो. त्यात दोन मॉनिटर वेगवेगळ्या तालावर असले तर दोघांचे रिकामे क्षण एकत्र येत नाहीत, आणि ड्रायव्हर सुरक्षित मार्ग म्हणून मेमरी पूर्ण वेगावरच ठेवतो. मग काही न करताही कार्ड तापतं, पंखा सुरू होतो, थंड झाल्यावर थांबतो, पुन्हा सुरू होतो.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा क्लॉक दिसत नाही, जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसतो. सगळे प्रोग्रॅम बंद करून १६५, १४४ आणि १२० वर मिनिटभर थांबून आकडा पाहायचा. हलणारा वॉलपेपर किंवा ब्राउझरमधली एखादी नाचरी जाहिरात चालू राहिली तर चाचणी फसते. इथे १६५ आणि १४४ ला क्लॉक वरच अडकला होता, १२० ला तो खाली आला. हे कार्ड, ड्रायव्हर आणि मॉनिटरची जोडी यांवर ठरतं, त्यामुळे दुसऱ्या टेबलावर १४४ लाही खाली येईल, किंवा १२० लाही येणार नाही. नाहीच आला तर ६० हर्ट्झचा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टाला, म्हणजे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडून पाहावा. त्यात गेमची किंवा व्हिडिओची विंडो त्या मॉनिटरवर ओढली की चित्र एका कार्डातून दुसऱ्याकडे नेण्याचं ओझं पडतं, पण तिथे फक्त चॅट आणि कॅलेंडर असेल तर काही बिघडत नाही.

दोन वेगांमधली ये-जा

दिवसा १२०, गेमला १६५, हे रोज हाताने बदलायचं तर आठवड्यात कंटाळा येतो. कंट्रोल पॅनेलच्या थ्रीडी सेटिंग्जमध्ये पसंतीच्या रिफ्रेश रेटला 'हायेस्ट अव्हेलेबल' करून ठेवलं. जुन्या पद्धतीचा खरा फुल स्क्रीन घेणारा गेम सुरू झाला की मॉनिटर आपोआप १६५ वर जातो, बंद केल्यावर १२० वर परततो. शूटरला हे लागू झालं. जड गेम डायरेक्टएक्स १२ वरचा. असे गेम बहुधा डेस्कटॉपच्याच रिफ्रेश रेटवर चालतात. पण तो ८० च्या वर जाणारच नाही, तेव्हा १२० त्याला पुरून उरतो. बदलायची गरजच नव्हती. जो गेम बॉर्डरलेस विंडोत (स्क्रीनभर पसरलेल्या, चौकट नसलेल्या खिडकीत) खेळायचा आणि त्याला १६५ ही हवा, त्याच्यासाठी मात्र अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेचं पान उघडण्याला पर्याय नाही. विंडोज ११ मधला 'डायनॅमिक रिफ्रेश रेट' हा मुख्यतः लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनसाठी, बॅटरी वाचवायला आहे. इथे तो उपयोगी नाही.

रिफ्रेश रेट बरोबर आहे का हे गेममध्ये पाहायला मॉनिटरच्या मेन्यूतला रिफ्रेश रेटचा आकडा सगळ्यात भरवशाचा. जी-सिंक चालू असेल तर तो फ्रेम्सबरोबर हलताना दिसतो. १६५ वर खिळून बसला असेल तर जी-सिंक लागलेला नाही.

लॅपटॉप

डॉकमधून मुख्य मॉनिटरला ६० मिळत होते. टाइप-सीच्या तारांच्या चार वेगवान जोड्यांपैकी दोन जोड्या डॉक यूएसबी ३ च्या डेटासाठी वापरतो. उरलेल्या दोनमधून डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने ८.६४ गिगाबिट जातात. १२० ला लागतात बारा. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल लावली की चारही जोड्या चित्राला मिळतात आणि १२० येतो. कीबोर्ड-माउस डॉकवरच राहू दिले. मजकुराच्या कामाला ६० चालतात हे मान्य, पण दिवसभरात दोन मशीनमध्ये अदलाबदल करताना बाणाचा वेग बदलल्यासारखा वाटतो, आणि तो त्रास एका केबलने जात असेल तर घालवावा.

शेजारचा ६०

जुना मॉनिटर सुस्त झालेला नाही, नजर बदलली आहे. १२० ची सवय झाली की ६० वर खिडकी ओढताना ती बाणामागे रेंगाळताना दिसते, आणि हे कोणत्याही सेटिंगने जात नाही. विंडोज १० च्या मे २०२० च्या अपडेटपासून दोन वेगळ्या रिफ्रेश रेटचे मॉनिटर एकमेकांना पूर्वीसारखे खाली खेचत नाहीत, त्यामुळे मुख्य मॉनिटरचं नुकसान होत नाही. उरतो प्रश्न त्या मॉनिटरवर ठेवायचं काय याचा. स्थिर गोष्टी: संदर्भाचा दस्तऐवज, ईमेल, चॅट. लांबलचक पान सरकवत वाचायचं काम मुख्य मॉनिटरवर. दोघांचा ब्राइटनेस पांढऱ्या पानावर शेजारी शेजारी जुळवून घ्यावा. नजर इकडून तिकडे नेताना उजेडातली तफावत रिफ्रेश रेटच्या तफावतीपेक्षा जास्त थकवते.

डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर बटणाने बंद केला की विंडोजला तो अनेकदा काढून घेतल्यासारखा वाटतो आणि सगळ्या खिडक्या शेजारच्या मॉनिटरवर जाऊन बसतात. डिस्प्लेच्या पानावर 'मल्टिपल डिस्प्लेज'मध्ये खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तो चालू ठेवावा. ड्रायव्हर नव्याने टाकल्यावर किंवा विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर रिफ्रेश रेट आणि जी-सिंक पुन्हा बघून घ्यावेत, कारण दोन्ही मूळपदावर येऊ शकतात आणि कोणतीही सूचना मिळत नाही.

सुटलं नाही ते एवढंच: २५ आणि ५० फ्रेम्सचे व्हिडिओ १२० वर नीट बसत नाहीत, त्यांना १०० लागतो. असं प्रक्षेपण रोज तासन्‌तास बघणाऱ्याने यादीत १०० असेल तर तेवढ्यापुरता तो निवडावा. आणि जुना मॉनिटर बदलायची वेळ येईल तेव्हा ७५ चा घेऊ नये. ६० फ्रेम्सच्या व्हिडिओला तो सव्वा रिफ्रेश देतो, म्हणजे दर चौथी फ्रेम दुप्पट वेळ थांबते, आणि त्या बाबतीत तो ६० पेक्षाही वाईट. घ्यायचाच तर १२० देणारा.